रेंडर फोटोसारखा का दिसत नाही? आधी सगळा सीन राखाडी करून बघा

“छान झालंय, पण थोडं कार्टूनसारखं वाटतंय.” बंगल्यांचे थ्रीडी व्ह्यू, म्हणजे संगणकातल्या मॉडेलवरून काढलेली चित्रं (रेंडर), करणाऱ्याला हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. सातारा, कराड, सांगली, सगळीकडे तेच. नेमकं काय खटकतंय हे क्लायंटला सांगता येत नाही, आणि ते त्याचं कामही नाही. आयुष्यभर त्याने खऱ्या भिंतीवर पडलेलं खरं ऊन पाहिलंय. त्यामुळे चूक त्याला लगेच जाणवते, फक्त बोट ठेवता येत नाही. ते बोट आपण ठेवायचं.

पुढचं बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. सॅम्पल (प्रत्येक ठिपक्यासाठी उजेडाचा हिशोब किती वेळा करायचा तो आकडा) वाढवायचे, रिझोल्यूशन वाढवायचं, आणखी चार झाडं लावायची, मशीन रात्रभर चालू ठेवायचं. सकाळी चित्र जास्त स्वच्छ येतं आणि तितकंच खोटं दिसतं. सॅम्पल वाढवून चित्रातले दाणे जातात. ऊन चुकीच्या बाजूने पडत असेल तर ते तसंच राहतं, उलट अधिक स्पष्ट दिसतं.

राखाडी चाचणी

दोष कुठे आहे हे ठरवल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नका. त्यासाठी काचा सोडून सीनमधल्या सगळ्या वस्तूंना एकच राखाडी मटेरियल द्या. व्ही-रे आणि कोरोना या रेंडर काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मटेरियल ओव्हरराइडची (सगळ्यांना एकदम एकच मटेरियल द्यायची) सोय आहे, ब्लेंडरमध्ये व्ह्यू लेयरला ओव्हरराइड लावता येतो, एन्स्केपमध्ये व्हाइट मोड आहे. राखाडीची छटा मधली ठेवा, म्हणजे आरजीबीमध्ये (लाल, हिरवा, निळा; ० ते २५५) तिन्ही आकडे ११८ च्या आसपास. ही साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारी छटा, फोटोग्राफर एक्स्पोजर मोजायला वापरतात तीच.

आता छोट्या आकाराचा रेंडर काढा आणि मातीचं मॉडेल अंगणात ठेवून फोटो काढल्यासारखा तो वाटतो का ते बघा. वाटत असेल तर प्रकाश आणि कॅमेरा ठीक आहेत, दोष मटेरियलमध्ये आहे. राखाडी चित्रच सपाट, तरंगतं किंवा विचित्र वाटत असेल, तर मटेरियलच्या एडिटरमध्ये कितीही वेळ घालवला तरी फरक पडणार नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या फाइल्समध्ये अर्ध्याहून जास्त याच चाचणीत अडकतात. म्हणून आधी उन्हाबद्दल सविस्तर सांगतो.

ऊन साताऱ्याचं आहे का?

मॉडेल बनवायच्या स्केचअप सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलला जागा दिली नसेल तर सूर्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावाचा असतो. बोल्डर ४० अंश उत्तरेला, सातारा साडेसतरा अंशांच्या थोडा वर, सांगली सतराच्या किंचित खाली. फरक केवढा पडतो ते छज्जावर मोजता येतं. २१ डिसेंबरला भर दुपारी साताऱ्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर दोन फुटी छज्जाची सावली सव्वादोन फूट खाली उतरते. बोल्डरच्या सूर्याने तीच सावली जेमतेम एक फूट पडते. खिडकीचा वरचा भाग सावलीत हवा तिथे ऊन येतं. बघणाऱ्याला त्रिकोणमिती येत नसते, पण अशी खिडकी त्याने आपल्या गावात कधी पाहिलेली नसते.

जागा टाकताना टाइम झोन ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे ना, हेही बघा. आपली घड्याळाची वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची आहे आणि सातारा ७४ वर. त्यामुळे इथे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, साधारण साडेबारानंतर. आणि उत्तर दिशा! स्केचअपमध्ये हिरवा अक्ष म्हणजे उत्तर. ऑटोकॅडमधून आलेलं ड्रॉइंग सोयीसाठी फिरवून काढलेलं असतं, ते तसंच इंपोर्ट होतं आणि अख्खं घर नव्वद अंशांत फिरतं. प्लॅनवरचा उत्तरेचा बाण आणि मॉडेलचा अक्ष आधी जुळवा.

उत्तरमुखी प्लॉटचा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो वारंवार येतो. बिल्डरला दर्शनी एलिव्हेशनवर लख्ख ऊन हवं असतं. पण हिवाळाभर उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. मार्चच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत सकाळी लवकर आणि सूर्य मावळायच्या आधी तिरकं ऊन मिळतं. साधारण १० मे ते ऑगस्टची सुरुवात एवढ्या काळात दुपारीही सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, पण तो जास्तीत जास्त सहा अंश कललेला. तेवढ्या कोनात दोन फुटांचा छज्जा खालची जवळजवळ २० फूट भिंत सावलीत ठेवतो. मग काय होतं? सूर्य हाताने उचलून उत्तरेला ठेवला जातो. चित्र चकचकीत येतं, आणि त्या गल्लीत वीस वर्षं राहिलेल्या माणसाला ते परकं वाटतं.

माझं मत इथे ठाम आहे: असं करू नये. समोरचं कुटुंब कर्ज काढून घर बांधतंय आणि हॉलमध्ये सकाळचं ऊन येईल की नाही हे या चित्रावरून ठरवतंय. उत्तरमुखी घराचा व्ह्यू सावलीतच करा, पण सावली नीट करा. भिंतीला आकाशाचा निळसर उजेड, समोरच्या रस्त्यावरून परतलेला उबदार उजेड, मागे गच्चीच्या कडेला थोडं ऊन. नाहीतर मे महिन्यातली सकाळी साडेसातची वेळ घ्या, तिरकं ऊन खरोखर मिळतं. किंवा सूर्य मावळून थोडा वेळ झालाय, आत दिवे लागलेत, असा व्ह्यू करा. तिन्ही खरे आहेत आणि तिन्ही देखणे होतात.

सावलीची कडही तपासा. सूर्य म्हणजे बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाहून थोडा मोठा दिसतो. त्यामुळे सावली पाडणारी वस्तू सावलीपासून जितकी दूर तितकी सावलीची कड मऊ, दर मीटरला साधारण ९ मिलिमीटर. दरवाजाच्या हँडलची सावली धारदार, तिसऱ्या मजल्याच्या पॅरापेटची (गच्चीच्या कठड्याची) रस्त्यावरची सावली नऊ-दहा सेंटिमीटर विरघळलेली. सीनमधली प्रत्येक सावली ब्लेडने कापल्यासारखी दिसत असेल तर सूर्याचा आकार शून्यावर आहे. व्ही-रेमध्ये साइज मल्टिप्लायर १ ठेवला की सूर्य खऱ्या आकाराचा होतो.

एचडीआरआय (उजेडाची तीव्रता साठवलेला आकाशाचा चौफेर फोटो) वापरत असाल तर आणखी एक. पॉली हेवनसारख्या साइटवर मोफत आणि उत्तम एचडीआरआय मिळतात, पण नेटवरच्या काही फाइल्समध्ये सूर्याची तीव्रता वरून कापली गेलेली असते. आकाश सुंदर दिसतं, सावल्या मात्र फिक्या पडतात. अशा वेळी एचडीआरआय फक्त आकाशासाठी ठेवा आणि ऊन वेगळ्या सूर्याने द्या, दोघांची दिशा जुळवून.

कॅमेरा कुठे उभा आहे?

गल्ली वीस फुटांची, समोर शेजाऱ्याचं घर, आणि रेंडर मात्र साठ फूट मागे जाऊन, बारा फूट उंचीवरून घेतलेला. त्या जागी माणूस उभाच राहू शकत नाही. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, दीड ते १.६ मीटरवर आणा. रस्ता ६ मीटर आणि समोरची मोकळी जागा ३ मीटर धरली तर तुम्हाला ९ मीटर मिळतात. फुलफ्रेमची २४ एमएम लेन्स तेवढ्यावरून साडेतेरा मीटर रुंदी पकडते, म्हणजे चाळीस फुटी दर्शनी भाग आरामात बसतो. १६ एमएमवर गेलात की कडेची टाकी फुगते आणि गेट ताणलं जातं. उभ्या रेषा उभ्याच ठेवा, टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह किंवा व्हर्टिकल शिफ्ट बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. पक्ष्याच्या नजरेतून व्ह्यू हवाच असेल तर ड्रोनच्या उंचीवर जा. बारा फूट ही मधली उंची ना माणसाची, ना ड्रोनची.

एक्स्पोजर डोळ्यांच्या अंदाजाने लावू नका. कडक उन्हात एफ १६, आयएसओ १०० आणि १/१०० सेकंद हा फोटोग्राफरांचा जुना नियम सॉफ्टवेअरमधल्या फिजिकल कॅमेऱ्यात तसाच चालतो. तो लावूनही चित्र काळं किंवा पांढरंफटक येत असेल तर सूर्याची तीव्रता कुणीतरी बदलून ठेवलीय.

घर जमिनीवर टेकलंय का?

राखाडी चाचणीत घर तरंगताना दिसलं तर कारण बहुतेक वेळा जमीन सपाट असणं हे असतं. साताऱ्यात यवतेश्वरच्या किंवा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडे सपाट प्लॉट शोधूनही सापडत नाही. एका कोपऱ्यात जोतं दोन फूट आणि दुसऱ्यात चार फूट दिसायला हवं, पायऱ्यांची संख्या त्याप्रमाणे बदलायला हवी. सांगलीत जमीन सपाट, पण २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर माझे तिथले क्लायंट सर्वात आधी जोत्याची उंचीच विचारतात. ती चित्रात चुकली तर बाकी काही बघितलं जात नाही. जमिनीची मातीही तपासा. कृष्णाकाठची माती काळी आहे, सॉफ्टवेअरच्या तयार लायब्ररीतली तांबूस माती तिथे उठून दिसते.

भिंत जमिनीला मिळते ती रेघ जवळून बघा. खऱ्या घराला तिथे कधीच सरळ रेघ नसते. फरशीची कड, थोडी खडी, गवताच्या चार काड्या, जोत्यावर उडालेला चिखल यातलं काहीतरी असतंच. एवढं केलं तरी घर खाली बसतं.

राखाडी चाचणी पास, तरी खोटं वाटतंय

म्हणजे मटेरियल. सगळ्यात आधी पांढऱ्या भिंती बघा. २५५ चा पांढरा रंग जगात अस्तित्वात नाही. घरातला उत्तम पांढरा रंगही पडलेल्या प्रकाशातला साधारण ८० टक्केच परत फेकतो, म्हणजे आरजीबीमध्ये २३०. २५५ ठेवला की उजेड भिंतीभिंतींवर आपटत राहतो, विरतच नाही. खोलीतले कोपरे नाहीसे होतात आणि छत धुरकट पांढरं होतं. खालच्या टोकालाही तसंच आहे. नवं डांबर चार-पाच टक्के प्रकाश फेकतं, म्हणजे ५५-६० च्या आसपास, शून्य नाही. पांढऱ्यांची मर्यादा २३० वर आणली आणि दुसरं काही केलं नाही, तरी खोलीला लगेच खोली येते.

रंगांची चमकही आवरा. क्लायंटने शेडकार्डवर दाखवलेला लिंबू पिवळा तसाच टाकला तर उन्हात तो निऑनसारखा जळतो. ब्लेंडरमध्ये हा त्रास असेल तर व्ह्यू ट्रान्सफॉर्म (हिशोबातला उजेड पडद्यावरच्या रंगांत बदलणारी सेटिंग) स्टँडर्डवर आहे का ते बघा. ४.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, एजीएक्स हा पर्याय आधीच निवडलेला असतो, पण जुन्या फाइल्स जुनी सेटिंग घेऊन येतात. बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये हायलाइट कॉम्प्रेशन (फार उजळ भाग दाबणारी सेटिंग) वाढवा.

रफनेस, बम्प आणि नॉर्मलचे मॅप (खरखरीतपणा आणि उंचवटे सांगणारी चित्रं) रंगाचे मॅप म्हणून लोड झाले असतील तर सगळंच बिघडतं. फरशी नको तिथे चमकते, दगडाचे उंचवटे चुकीचे पडतात. ब्लेंडरमध्ये त्यांना नॉन-कलर, थ्रीडीएस मॅक्समध्ये गॅमा १ द्या. हा दोष डोळ्यांना सापडत नाही, एकेक मॅप उघडूनच बघावा लागतो.

आता कडा. संगणकातला कोपरा म्हणजे दोन पृष्ठभागांमधली जाडी नसलेली रेघ. खऱ्या गिलाव्याचा कोपरा दोन-तीन मिलिमीटर गोल असतो, आणि त्या गोलाईवर उजेडाची बारीक रेघ पकडली जाते. ओटा, पायरी, चौकट, खांब, सगळीकडे ती असते. मॉडेलमध्ये चॅम्फर (तासलेली कड) द्यायला वेळ नसेल तर कोरोनाचा राउंड एजेस, व्ही-रेचा एजेस टेक्स्चर किंवा ब्लेंडरचा बेव्हल नोड वापरा, रेंडरच्या वेळी कड गोल दिसते. व्ह्यू जितका जवळचा तितका याचा फायदा जास्त.

गिलाव्याची भिंत तिरक्या उन्हात कधीच आरशासारखी सपाट नसते. पाटा आणि थापी फिरल्याच्या हलक्या लाटा तिच्यावर दिसतात. मीटर-दीड मीटर मापाचा एक मोठा नॉइज (अनियमित उंचसखल नमुना) बम्पमध्ये अगदी कमी ताकदीने टाका. दिसणार नाही, पण नसला की जाणवतो.

दगडाचं टेक्स्चर (मटेरियलवर लावायचा पृष्ठभागाचा फोटो) स्वतः काढा, हे मी आग्रहाने सांगतो. आपल्याकडचा काळा पाषाण परदेशी लायब्ररीत सापडत नाही. तिथला बसाल्ट वेगळ्या घडणीचा, वेगळ्या सांध्यांचा असतो. वाईच्या घाटाची किंवा मेणवलीच्या वाड्याची भिंत एकदा जवळून बघा. दगड काळा म्हणतो आपण, पण कोरडा असताना तो निळसर राखाडी असतो. छिन्नीचे टवके फिकट, सांध्यातला चुना पिवळट, आणि पाणी जिथून झिरपतं तिथे हिरवट काळा पट्टा. पाऊस पडला की तोच दगड जवळजवळ काळा होतो. फोटो काढायला पावसाळ्यातला ढगाळ दिवस निवडा. साताऱ्यात जून ते सप्टेंबर असे दिवस भरपूर, आणि सावलीशिवायचा एकसारखा उजेड फुकट मिळतो. कॅमेरा भिंतीला समांतर धरा, थोडं लांबून झूम करून घ्या आणि चौकटीच्या कडेला मोजायची टेप ठेवा, म्हणजे स्केलचा प्रश्न तिथेच मिटतो. कारण दगडापेक्षा स्केलच जास्त वेळा चुकतो. नऊ इंची वीट चित्रात दीड फुटाची झाली की बंगला खेळण्यातला दिसतो. फरशी ६०० बाय ६०० असेल तर ती ६०० चीच भरली पाहिजे, मधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या सांध्यासकट.

मोठ्या कंपाउंड वॉलवर एकच दगड दर दोन मीटरला परत येताना दिसत असेल तर व्ही-रे किंवा कोरोनाचा, टेक्स्चर अनियमितपणे फिरवणारा यूव्हीडब्ल्यू रँडमायझर लावा.

काच. दिवसा बाहेरून बघताना खिडक्या गडद दिसतात. त्यांच्यात आकाश, समोरची झाडं, समोरची गच्ची दिसते आणि त्यामागे अंधुक पडदा. कारण काचेचा प्रत्येक पृष्ठभाग समोरून पडलेल्या प्रकाशातला फक्त ४ टक्के परत फेकतो, पण नजर जितकी तिरकी तितकं हे प्रमाण वाढत जातं. हे फ्रेनेलचं गणित मटेरियलमध्ये चालू असतं, आयओआर (अपवर्तनांक) १.५ दिला की झालं. अडचण असते ती समोर काहीच नसल्याची. रिकाम्या सीनमध्ये काच काय दाखवणार? कॅमेऱ्याच्या पाठीमागे चार ठोकळ्यांची घरं आणि दोन झाडं ठेवा, आत पडदे आणि मागची भिंत द्या. खिडक्या जिवंत होतात.

डागांबद्दल मतभेद आहेत. नव्या बंगल्यावर डाग कशाला, असं आर्किटेक्ट विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे. पण पाण्याची वाट थोडी तरी दाखवावी लागते. खिडकीखालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांखाली किंचित गडद ओघळ, पॅरापेटच्या माथ्यावर जरासा मळकटपणा, जोत्याच्या वर फूटभर उडालेल्या मातीची जेमतेम जाणवेल अशी छटा. सगळीकडे सारखा ग्रंज मॅप (मळकटपणाचं तयार चित्र) लावू नका. भिंत मळते ती पाणी जातं तिथेच. महाबळेश्वर-पाचगणीच्या कामात हे जरा जास्त ठेवा, तिथला पाऊस घराला पहिल्याच वर्षी गाठतो.

आतले व्ह्यू

इथे एकच गोष्ट प्रकर्षाने चुकते: प्रत्येक कोपऱ्यात सारखा उजेड. बाहेर कडक उन्हात लाखभर लक्स (उजेडाचं माप) असतात, घरात ट्यूबलाइटखाली दोनशे-तीनशे. खिडकीबाहेरचं दृश्य थोडं जळालेलं दिसणं हे खरं आहे, ते स्वच्छ दाखवण्यासाठी खोलीत लपवलेले दिवे लावत सुटू नका. आपल्या घरांत पांढरी ट्यूब ६५०० केल्विनची (निळसर) आणि कोव्हमधली, म्हणजे छताच्या खाचेतली, पट्टी ३००० ची (पिवळसर) असते. रंगातला हा फरक चित्रात राहू द्या. तांबडी फरशी असेल तर छताला तिची लालसर झाक येऊ द्या. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८४ साली रंगीत भिंतींच्या एका खोक्यावर संगणकाकडून हाच परिणाम काढून दाखवला होता, तेव्हापासून तो खऱ्या प्रकाशाची खूण मानला जातो. डीनॉइझर (दाणे पुसणारी सोय) पूर्ण ताकदीने लावला की गिलाव्याचा पोत आणि पडद्याची वीण पुसली जाते. थोडे दाणे राहिले तर राहू द्या.

परिसर

मेपल आणि बर्च काढून टाका. कडुनिंब, आंबा, गुलमोहर, नारळ, कंपाउंडवर बोगनवेल, पाचगणीत सिल्व्हर ओक. लॉनचा हिरवा किमान तिसऱ्या हिश्शाने फिका करा. एप्रिलचा व्ह्यू असेल तर मागचा डोंगर वाळल्या गवताच्या रंगाचाच हवा, आणि अंतरामुळे धूसर. दाट, गडद अजिंक्यतारा कंपाउंडला चिकटलेला वाटतो. लायब्ररीतल्या गाड्यांचं स्टीअरिंग डावीकडे असतं, जवळच्या व्ह्यूत ते दिसतं. गच्चीवर पाण्याची टाकी, सोलर, समोर विजेचा खांब यातलं जे साइटवर आहे ते राहू द्या. कोट घातलेली परदेशी माणसं ठेवण्यापेक्षा माणसं नसलेली बरी.

एआयने चित्र खरं करून देणारी साधनं आता सगळ्यांच्या हातात आहेत. झाडं आणि माणसांपुरती मी ती वापरतो. घरावर फिरवली की ती खिडकीचे भाग बदलतात, रेलिंगच्या पट्ट्या कमी-जास्त करतात, छज्जा पातळ करतात. मंजूर नकाशाशी न जुळणारं चित्र क्लायंटच्या हातात देऊ नका. आधीचा आणि नंतरचा रेंडर एकावर एक ठेवून घराचा भाग मास्कने परत जुनाच आणा.

आणि बांधकाम पूर्ण झालं की साइटवर जा. रेंडरचा कॅमेरा जिथे होता तिथेच उभं राहून, त्याच महिन्यात आणि त्याच वेळी फोटो काढा, तो रेंडरशेजारी लावा. भिंत किती कमी पांढरी आहे, खिडक्या किती गडद आहेत, सावली किती निळी आहे, हे आकड्यांत काढता येतं. पिकरने रंग उचला आणि तुमच्या मटेरियल लायब्ररीत तेच आकडे भरा. पुढच्या कामाची राखाडी चाचणी संपली की मटेरियल तिथूनच घ्यायचं.